गिधाडे आणि पहिले शील



दीक्षा घेतलेल्या घरात त्रिशरण-पंचशील म्हटले जाऊ लागले की थोड्याच दिवसांत प्रश्न सुरू होतात. पाचव्या शीलावरून घरात वाद होतो, चौथ्याची व्यवहारात अडचण वाटते. पहिल्या शीलाविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. फार तर मांसाहाराविषयीचा एक प्रश्न येतो, त्याचे उत्तर मिळाले की विषय संपतो. "आम्ही कुठे कुणाचा जीव घेतो?" असे आपण मनाशी म्हणतो आणि पुढे जातो.

म्हणूनच आज एका संहाराविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपणा सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यात लक्षावधी जीव गेले आणि मारणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात मारण्याचा हेतू नव्हता. बहुतेकांच्या मनात तर दयाच होती. हा संहार झाला गिधाडांचा.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या वाटेला लागले की लिंबागणेश येते. बालाघाटच्या माळावरचे गाव, सभोवार कोरडवाहू रान, आणि पाठ न सोडणारा दुष्काळ. तेथील किंवा त्या बाजूच्या कोणत्याही गावातील साठी उलटलेल्या माणसाला विचारून पाहा. ढोर पडले, ते गावाबाहेर हाडकीवर नेऊन टाकले, की आभाळात आधी एक ठिपका दिसे, मग दोन, मग दहा-वीस. बघता बघता मढ्याभोवती गर्दी होई, आणि दिवस मावळायच्या आत तेथे उरत ती फक्त हाडे. ना दुर्गंधी, ना माशा, ना पाण्यात घाण. हाडकी म्हणजे काय, हे आपल्या लेकरांना आता समजावून सांगावे लागते, आणि तसे सांगावे लागते ही आनंदाचीच गोष्ट आहे.

कारण त्या हाडकीपर्यंत ढोर आपोआप जात नव्हते. ते ओढून नेणारे हात ठरलेले होते. गावकीने ते काम महारांच्या माथी मारले होते. मुंबई इलाख्यात तसे, आणि बीड ज्या निजामाच्या राज्यात होते तेथेही तसेच. म्हणजे गाव स्वच्छ ठेवणारे दोघे होते. एक दोर लावून मढे ओढी, दुसरा आभाळातून उतरून ते संपवी. गावाने दोघांचेही उपकार कधी मानले नाहीत. एकाला अस्पृश्य म्हटले, दुसऱ्याला अशुभ म्हटले. गिधाड घरावर बसले तर ते घर सोडावे लागेल, अशा समजुती लोक बाळगीत. आणि अजूनही कोणाला हलकट म्हणावयाचे असले की "गिधाडासारखा टपला आहे" असेच आपण म्हणतो. आपणही म्हणतो, हे विशेष!

या दोघांपैकी माणसाने आपली सुटका करून घेतली. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत प. पू. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा, हीन लेखली जाणारी कामे झुगारून देण्याचा उपदेश केला. तो मानणाऱ्या आमच्या वाडवडिलांवर किती गावांनी बहिष्कार घातला, किती जणांची मजुरी बंद झाली, किती घरे रात्री पेटविली गेली, त्याचा इतिहास आपल्याच घरांत आहे. त्यांनी जे सोडले ते योग्यच सोडले. हे मी आरंभीच स्वच्छ सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल की हा गृहस्थ आपल्याला पुन्हा दोर धरायला सांगतो आहे. तसे कदापि नाही.

आता गिधाडांचे काय झाले ते पाहा. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात गिधाडे कमी होत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्या लक्षात १९९० नंतरच्या दशकात आले. पक्षी झाडावर मान टाकून बसत आणि काही दिवसांनी खाली मरून पडत. पुढे देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारामागे एक एवढीच राहिली. लांब चोचीच्या गिधाडांतली शंभरामागे सत्त्याण्णव गेली. जगात कोणत्याही पक्ष्याची एवढी मोठी संख्या इतक्या वेगाने क्वचितच घटली असेल. आधी रोगाचा संशय होता. कोणी म्हणाले, शेतातली औषधे. कोणी म्हणाले, हल्ली मढी उघड्यावर टाकीत नाहीत म्हणून उपाशी मेली. (हा आरोप थोडासा आपल्यावरही होता!) २००४ साली पाकिस्तानातील गिधाडांवर झालेल्या संशोधनातून खरे कारण उजेडात आले. ते होते डायक्लोफिनॅक. सांधेदुखीसाठी माणसे घेतात तेच वेदनाशामक औषध. ते स्वस्त झाले आणि गावोगाव आजारी ढोरांना टोचले जाऊ लागले. टोचलेले ढोर त्यानंतर एक-दोन दिवसांत दगावले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ती मरतात.

यातली एक बाब मला सर्वांत भयंकर वाटते. शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा असे दिसले की सगळी मढी विषारी असण्याची गरजच नव्हती. शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढे असे औषध असलेले असले, तरी एवढा नाश व्हायला ते पुरेसे होते. एका मढ्यावर सारा थवा जेवतो. आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. शंभर शेतकऱ्यांपैकी नव्व्याण्णवांनी काही केले नाही, एकाने आपल्या लंगडणाऱ्या बैलाला आराम पडावा म्हणून सुई टोचली. त्याचा बैल त्याला लेकरासारखा होता. त्याच्या हातून हे झाले.

आता प्रश्न असा की त्या शेतकऱ्याने पहिले शील मोडले काय?

याचे उत्तर देताना आपल्याला धम्माची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. मज्झिम निकायातील उपाली सुत्तात निगंठांशी झालेला वाद आहे. निगंठांच्या मते कायेने केलेले कृत्य सर्वांत भारी. तथागतांच्या मते मनाने केलेले कर्म सर्वांत भारी. तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले आहे. चालताना पायाखाली मुंगी मेली म्हणून कोणी हत्यारा ठरत नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत स्पष्ट भेद केला आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने आचरावयाचे तत्त्व आहे असे मांडले. या कसोटीवर २००४ पूर्वीचा तो शेतकरी निर्दोष आहे. त्याला इच्छा नव्हती, आणि ठाऊकही नव्हते.

परंतु २००४ नंतरचे काय? २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बनविण्यावर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांसाठी विकल्या जाऊ लागल्या. एका बाटलीत एका बैलाचा डोस बसे. म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये असे ठरविले गेले. २०२३ साली केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही आणखी दोन औषधेही जनावरांसाठी बंद झाली. दुसऱ्या बाजूला मेलॉक्सिकॅम नावाचे औषध बैलालाही आराम देते आणि गिधाडालाही मारीत नाही. ते मिळते. म्हणजे आता गरज म्हणावी तर गरज उरलेली नाही, आणि अजाणतेपणाही उरलेला नाही. तरीही जो तीन-तीन मिलिलिटरच्या पाच बाटल्या एकत्र करून ढोराला टोचतो, किंवा टोचण्यासाठी विकतो, त्याच्या मनात आजही मारण्याची इच्छा नाही. मग त्याला काय म्हणावे?

माझे मत असे आहे की येथे गरज आणि इच्छा यांच्यापलीकडची तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे बेफिकिरी. धम्मात तिला प्रमाद म्हणतात. महापरिनिब्बानाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तो अप्पमादाचा, म्हणजे सावध राहण्याचा. आपण तो शब्द ऐकतो आणि तो ध्यानाला बसणाऱ्यांसाठी असावा असे समजतो. मला वाटते तो मेडिकलच्या दुकानासाठीही आहे. हात मारीत नाही एवढ्याने पहिले शील पाळले जात नाही. आपल्या हातातून सुटलेली वस्तू पुढे कोठे जाते, कोणाच्या पोटात जाते, हे जाणून घेता येत असताना न जाणणे, हेही त्या शीलाच्या हिशेबात धरले पाहिजे. काही धम्मबांधवांना ही ओढाताण वाटेल. त्यांना मी एवढेच विचारतो की आपल्या वाट्याला आलेल्या दुःखातले किती दुःख द्वेषातून आले आणि किती बेफिकिरीतून आले? पाटलाने मुद्दाम छळले असेल, पण बाकीच्या गावाने नुसते पाहिलेच नाही, त्याचे काय?

आपली मुले आता शिकली. कोणी डी. फार्म. करून दुकान टाकतो, कोणी पशुधन पर्यवेक्षक होऊन दवाखान्यात लागतो. बाबासाहेबांच्या पुण्याईने हे झाले. तथागतांनी उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हणून सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. आजवर आपल्याला त्या वाक्याचा उपयोगच नव्हता, कारण आपल्याजवळ कसलाच व्यापार नव्हता. आज आहे. "मी नाही दिले तर शेजारचा देईल" हा युक्तिवाद दुकानदाराला सुचतोच. तो युक्तिवाद दारूच्या दुकानालाही लागू पडतो, आणि तेथे तो आपण मान्य करीत नाही.

आता कोणी विचारील, एक पक्षी गेला तर एवढे काय बिघडले? वाघ जावो, गिधाड जावो, आमच्या पोटापाण्याचे प्रश्न मोठे आहेत. या प्रश्नाला तुच्छ लेखणाऱ्यांपैकी मी नाही. वन्यजीव वाचवण्याच्या नावाखाली जगभर गरिबांचीच गावे उठविली गेली आहेत. १९५९ साली आफ्रिकेत सेरेंगेटीतून मसाई गुराख्यांना बाहेर काढले, अमेरिकेत यलोस्टोनमधून मूळच्या जमातींना हाकलले. तेव्हा संशय येणे साहजिक आहे. पण गिधाडाची गोष्ट निराळी आहे. गिधाड गेले त्याची किंमत गरिबानेच मोजली.

गिधाडे गेल्यावर मढी कुजू लागली. कुत्रे वाढले, त्यांच्याबरोबर कुत्रा चावण्याचे प्रकार आणि पिसाळ रोगाचे भय वाढले. मढी नदी-नाल्यांत टाकली जाऊ लागली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचे जिल्हे आणि इतर जिल्हे यांची तुलना करून २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली. पाच लाख! आता आपणच पाहा, पिसाळलेला कुत्रा कोणाला गाठतो? मोटारीतून जाणाऱ्याला नाही. पहाटे पायी रानात निघालेल्या बाईला, उसाच्या फडावर कोपीत झोपलेल्या लेकराला तो गाठतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. त्यांत आपली घरे किती, हे आपल्याला सांगावयास नको. नाल्याचे पाणी कोण पितो, तेही सांगावयास नको.

ज्या मुंबईला आपले लोक गिरण्यांत आणि बंदरात राबायला गेले, तेथे मलबार हिलवर पारशी बांधवांचा दोखमा आहे. प्रेत गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची शतकांची रीत. गिधाडे नाहीशी झाली आणि त्यांना सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. एका श्रीमंत, शिकलेल्या समाजालासुद्धा त्या पक्ष्याची जागा यंत्राने भरून काढणे जड गेले. आणि हे सगळे जगासमोर घडलेले असताना २०१३ साली स्पेनने, जेथे युरोपातली बहुतेक गिधाडे राहतात, तेच औषध ढोरांसाठी मंजूर केले. शिकलेले लोक प्रमाद करीत नाहीत असे समजू नका.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट सांगतो. पाटोदा तालुक्यात नायगाव येथे मोरांचे अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. मोर हा राष्ट्रीय पक्षी. त्याला मारले तर तीन ते सात वर्षांची कैद. चांगली गोष्ट आहे, मोर राहिलाच पाहिजे. पण मोर सुंदर, देवांचे वाहन, त्याचे पीस पोथीत ठेवायचे. गिधाड टकले, कुरूप, मढ्यात चोच घालणारे. कायद्याने आज दोघांनाही वरच्या दर्जाचे संरक्षण आहे, परंतु लोकांच्या मनात नाही. कोणी म्हणेल, जटायूला तर मान आहे. आहे, पोथीत आहे. पोथीत शबरीलाही मान आहे. कोण काय काम करतो ते न पाहता कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध ते पाहायचे, ही जी नजर आहे ती आपण चांगली ओळखतो. ती माणसांवरून पक्ष्यांवर गेली की आपल्याला ओळखू येऊ नये काय? ढोर ओढण्याचे काम सोडले ते आपल्यावर लादलेली हीनता नाकारण्यासाठी. त्या कामाबरोबर येणाऱ्या सगळ्यालाच घाण मानायचे असे ठरविले, तर आपण दोर टाकला आणि ज्यांनी तो हाती दिला त्यांची नजर मात्र उचलली, असे होईल.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट-मैना आहेत, तशीच वटवाघळे आहेत, मुंग्यासुद्धा आहेत. रूप पाहून केलेली ती यादी नाही. आणि राजगृहाजवळच्या ज्या टेकडीवर तथागतांनी कितीतरी उपदेश केले, तिचे नाव गिज्झकूट, म्हणजे गिधाडांचे शिखर. कोणी म्हणतात तिचा आकार तसा होता, कोणी म्हणतात तेथे गिधाडे बसत. घरात बुद्धाचे चरित्र वाचताना हे नाव आले की लेकरांना त्याचा अर्थ अवश्य सांगा.

राहिला प्रश्न मढ्यांचा. तो टाळून चालणार नाही, कारण गिधाडे परत यावयाची तर त्यांना औषध नसलेले अन्न हवे. हरियाणात पिंजोर येथे त्यांची पैदास केली जाते, तेथील गिधाडे २०२४ साली आपल्याकडे ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे झाडांवर गिधाडांची घरटी आहेत. महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि गावकरी यांनी ती झाडे राखली, खाद्य म्हणून मढी आणून टाकण्याची व्यवस्था केली. ज्या महाडच्या परिषदेत मढ्याचे मांस सोडण्याची हाक दिली गेली, त्याच मुलखात आज मढे गिधाडासाठी पोहोचविले जाते. मला यात विसंगती दिसत नाही. ते मांस माणसाचे अन्न नव्हतेच, ज्याचे होते त्याला ते परत मिळाले. नेपाळमध्ये नवलपरासी जिल्ह्यात गावकऱ्यांनी २००६ पासून आणखी चांगली सोय केली आहे. भाकड जनावरे सांभाळायची, विषारी औषध टोचायचे नाही, ती आपल्या मरणाने मेली की माळावर ठेवायची.

पण मढे पोहोचविणार कोण? २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले. त्यानंतर तेथील दलितांनी मढी उचलण्याचे नाकारले, सुरेंद्रनगरला ती कचेरीपुढे नेऊन टाकली, आणि मार खाल्लेल्या त्या कुटुंबाने २०१८ साली धम्माची दीक्षा घेतली. ज्या कामासाठी मारही मिळतो आणि जे केले नाही तरी मार मिळतो, ते काम कोणत्याही एका जातीकडे राहता कामा नये. गिधाडांच्या संवर्धनाच्या नावानेही नाही. एखादी योजना आली आणि "तुम्हाला सवय आहे" असे म्हणून आपल्या वस्तीकडे बोट दाखविले गेले, तर निःसंकोच नकार द्यावा.

नकार देऊन घरी मात्र बसू नये. ग्रामसभेत आपणच विषय मांडावा. गावच्या दवाखान्यात आणि दुकानात ढोरांसाठी डायक्लोफिनॅक मिळणार नाही, अशी चौकशी करावी. बंदी घातलेली औषधे टोचलेले ढोर मेले तर ते खोल पुरावे. इतर मढ्यांसाठी वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर जागा ठरवावी. वाहतुकीला ट्रॅक्टर ग्रामपंचायतीचा, हातमोजे आणि मजुरी ग्रामपंचायतीची, आणि ज्याचे ढोर त्याच्या घरचा एक माणूस बरोबर आला पाहिजे, मग तो कोणत्याही आळीतला असो. ही शेवटची अट ठरावात लिहून घ्यावी. तिच्यावरच सभेत सर्वांत जास्त आरडाओरड होईल.